उतारवयातला पत्ता निवडताना

निवृत्तीनंतर कुठे राहावे, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात पन्नाशी उलटल्यावर येतो आणि तो येतो तेव्हा त्याच्यासोबत एक चित्रही येते: समुद्राकडे उघडणारी खिडकी, डोंगरउतारावरचे छोटे घर, थंड हवा, शांतता. नोकरीच्या सोयीने आयुष्यभर घरे निवडलेल्या माणसाला एकदा तरी स्वतःच्या आवडीने जागा निवडावीशी वाटावी, हे अगदी स्वाभाविक आहे. मात्र त्या चित्रातला माणूस नेहमी निवड करणाऱ्याच्याच वयाचा असतो. त्याचे गुडघे दुखत नाहीत, तो स्वतः गाडी चालवतो, त्याला रात्री स्पष्ट दिसते आणि त्याचा जोडीदार सोबत असतो. प्रत्यक्षात त्या घरात वीस-पंचवीस वर्षे काढायची असतील, तर त्यांतली निम्मी वर्षे वेगळ्याच माणसाची असतात. जागा त्या दुसऱ्या, अधिक वयाच्या माणसासाठी निवडावी, असे माझे ठाम मत आहे. कारण जी जागा ऐंशी वर्षांच्या माणसाला मानवते ती साठीच्या माणसालाही बहुधा मानवते, पण याच्या उलट घडेलच याची खात्री नसते.

यूजीन लिटवाक आणि चार्ल्स लॉन्जिनो या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८७ मध्ये वृद्धांच्या स्थलांतराची एक मांडणी केली, ती मला आजही या विषयातली सर्वांत उपयोगी मांडणी वाटते. त्यांच्या म्हणण्यानुसार उतारवयात माणूस साधारणपणे तीन प्रकारची स्थलांतरे करतो. पहिले निवृत्तीनंतर लगेच, प्रकृती आणि पैसा दोन्ही बरे असताना, चांगल्या हवेसाठी व मनासारख्या परिसरासाठी. दुसरे, दैनंदिन कामे जड जाऊ लागल्यावर, आणि विशेषतः जोडीदार गेल्यावर, मुलांच्या किंवा नातलगांच्या जवळ. तिसरे, घरच्यांनाही सांभाळणे अशक्य झाल्यावर, एखाद्या शुश्रूषा संस्थेत. प्रत्येकाला ही तिन्ही करावी लागतात असे नाही. अनेक जण एकही करत नाहीत. तरीही या मांडणीतून एक गोष्ट लख्ख दिसते. ‘आदर्श जागा’ म्हणून आपण जिची चर्चा करतो, ती जवळजवळ नेहमी पहिल्या टप्प्याची जागा असते, आणि दुसरा टप्पा आला की ती सोडावी लागण्याची शक्यता मोठी असते. त्या वेळी घर विकणे, सामान आवरणे, नवे डॉक्टर शोधणे, नव्या लोकांशी ओळख करून घेणे ही सारी कामे अशा माणसाला करावी लागतात, ज्याच्याकडे ती करण्याचे बळ सर्वांत कमी उरलेले असते. म्हणून पहिली जागा निवडतानाच दुसऱ्या टप्प्यापर्यंत ती किती साथ देईल, हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

हवामान आणि निसर्ग यांना आपण निवडीत अवास्तव महत्त्व देतो, याचाही अभ्यास झालेला आहे. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांना स्वतःच्या समाधानाविषयी आणि दुसऱ्या भागातल्या लोकांच्या समाधानाविषयी विचारले. कॅलिफोर्नियातले लोक अधिक समाधानी असणार, असे दोन्हीकडच्यांना वाटत होते. प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याविषयी दोन्हीकडच्यांचे समाधान सारखेच निघाले. दोन जागांची तुलना करताना जो फरक डोळ्यांत भरतो, त्याच्यावरच लक्ष खिळते आणि रोजच्या जगण्यात त्याचा वाटा किती थोडा आहे हे विसरले जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते इथे फार नेमके लागू पडते. डोंगर कुरूप असतो म्हणून हे घडत नाही. रोज सकाळी उठल्यावर डोंगराखेरीज औषध, भाजी, पाणी, बँक आणि बोलायला माणूस या गोष्टीही लागतात आणि त्या त्या चित्रात कुठेच नसतात, म्हणून हे घडते.

याचा अर्थ निसर्गाला किंमत नाही, असा मी काढत नाही. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की त्या खिडकीबाहेर अरण्य नव्हते, काही झाडे होती. हिरवाईचा लाभ मिळवण्यासाठी वस्ती सोडून दूर जावेच लागते असे नाही, आणि ज्याला पुढे घरातच अधिक वेळ काढायचा आहे त्याच्यासाठी खिडकीतून काय दिसते हे टेकडीवरच्या भटकंतीपेक्षा मोलाचे ठरू शकते.

राहण्यायोग्य शहरांच्या ज्या क्रमवाऱ्या दरवर्षी प्रसिद्ध होतात, त्यांचा या कामी फारसा उपयोग नाही. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या प्रसिद्ध निर्देशांकाचा एक प्रमुख वापर, परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना गैरसोयीपोटी किती भत्ता द्यावा हे कंपन्यांनी ठरवण्यासाठी होतो. त्यात शिक्षणाला १० टक्के भार आहे, जो निवृत्त माणसाला बहुधा निरुपयोगी आहे. आणि राहणीचा खर्च, जो त्याला सर्वांत आधी लागतो, त्यात धरलेलाच नाही. त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ३३ शहरांतील वृद्धांशी व त्यांची काळजी घेणाऱ्यांशी बोलून तयार केलेली वयस्नेही शहरांची मार्गदर्शिका कितीतरी कामाची आहे. मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घरे, सामाजिक सहभाग, आदर व सामावून घेणे, नागरी सहभाग व रोजगार, माहिती व संपर्क, आणि आरोग्यसेवा व आधार अशा आठ बाजू त्यात आहेत. त्यांतल्या निदान तीन बाजू माणसांच्या परस्परांशी वागण्याविषयीच्या आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. घर पाहायला गेलेला माणूस नेमक्या याच बाजू तपासत नाही.

रुग्णालय जवळ असावे, हे सगळेच म्हणतात, पण जवळ म्हणजे किती हे ठरवताना किलोमीटर मोजणे पुरेसे नसते. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही मेंदूचा स्कॅन होऊन रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यानंतरच. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात बंद झालेली धमनी अँजिओप्लास्टीने उघडायची असेल, तर निदानानंतर सुमारे १२० मिनिटांच्या आत ती उघडता यावी, असे वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तेव्हा विचारायचे ते असे: रात्री दोन वाजता, पावसात, रुग्णवाहिका किती वेळात येते, ती जिथे नेते तिथे स्कॅनचे यंत्र आणि ते वाचणारा माणूस त्या वेळी असतो का, आणि नसेल तर पुढचे ठिकाण किती दूर आहे? पाटीवर रुग्णालय लिहिलेली इमारत घराजवळ असणे आणि या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळणे, यांत फार अंतर आहे. शिवाय आणीबाणी क्वचित येते. रोजचा संबंध रक्तदाब, साखर, डोळे, दात, कान आणि गुडघे यांच्याशी असतो. ज्या डॉक्टरकडे बसने किंवा पायी एकट्याने जाता येते, तो दूरच्या नामांकित तज्ज्ञापेक्षा बहुतेक आठवड्यांत अधिक उपयोगाचा असतो.

गाडीचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की सत्तरी ओलांडलेल्या वाहनचालकांपैकी पुरुषांना गाडी सोडल्यानंतर सुमारे ७ वर्षे आणि स्त्रियांना सुमारे १० वर्षे इतर साधनांवर अवलंबून राहावे लागते. एवढा मोठा काळ ‘नंतर पाहू’ म्हणून सोडून देता येत नाही. ज्या जागी गाडीशिवाय दूधही आणता येत नाही, त्या जागेतला माणूस गाडीची किल्ली खाली ठेवल्याच्या दिवसापासून परावलंबी होतो, मग त्याची बाकी प्रकृती कितीही ठणठणीत असो. पायी चालण्याच्या बाबतीतही आकडे डोळे उघडणारे आहेत. रस्ता ओलांडण्याच्या सिग्नलची वेळ ठरवताना अनेक ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरला जातो. इंग्लंडमधील ६५ वर्षांवरील लोकांच्या २०१२ च्या अभ्यासात पुरुषांचा सरासरी वेग ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला. म्हणजे अनेकांसाठी दिवा हिरवा असतानाचा वेळ रस्त्याच्या मध्यावरच संपतो. सिंगापूरने २००९ पासून ज्येष्ठांना त्यांचे कार्ड सिग्नलच्या खांबावर टेकवून काही जादा सेकंद मिळवण्याची सोय केली. अशी छोटी सोय एखाद्या गावात दिसली, की तिथल्या व्यवस्थेने वृद्ध माणूस घराबाहेर पडणार हे गृहीत धरले आहे, असे मी समजतो आणि त्या गावाविषयीचे माझे मत लगेच चांगले होते. अखंड पदपथ, मध्ये बसायला बाक, स्वच्छ स्वच्छतागृह, रात्री पुरेसा उजेड, या गोष्टी कोणत्याही जाहिरातीत नसतात, पण त्यांच्यावरच सत्तरीनंतरचे फिरणे टिकते.

आता शेजाराविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्या निवडीचे मर्म तिथेच आहे. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोमधील तीन सारख्याच रस्त्यांचा अभ्यास केला. मोठा फरक होता तो वाहतुकीचा. दिवसाला सुमारे २,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावरील रहिवाशांचे त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते, तर सुमारे १६,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावर ०.९. वर्दळीच्या रस्त्यावरचे लोक समोरच्या बाजूला क्वचितच जात आणि घराच्या पुढच्या भागात बसणेही त्यांनी सोडले होते. घरे सारखीच, पण समोरून काय जाते यावर ओळखींची संख्या बरीचशी ठरली. त्याआधी १९५० मध्ये लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विद्यापीठाच्या वसाहतीत दाखवून दिले होते, की मैत्री आवडीनिवडींइतकीच, किंबहुना अधिक, दारांमधल्या अंतरावर आणि जिन्याच्या जागेवर अवलंबून असते. ज्यांच्या दारावरून इतरांची ये-जा होते त्यांच्या ओळखी जास्त होतात. उतारवयात नव्या जागी गेलेल्या माणसाला हे विशेष लागू पडते, कारण शाळा, कार्यालय, मुलांचे पालक अशी ओळखींची जुनी दारे त्याच्यासाठी बंद झालेली असतात. रोज सहज, न ठरवता, कुणी ना कुणी भेटेल अशी रचना असणे हाच त्याचा मुख्य आधार असतो.

हा आधार केवळ मनाच्या समाधानापुरता नाही. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण फार मोठे होते. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर लगतच्या दोन वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन्हींत ऊन तेवढेच होते, आणि एकट्या राहणाऱ्या व गरीब वृद्धांचे प्रमाणही साधारण सारखे होते. तरी पहिल्या वस्तीत लाखामागे ४० मृत्यू झाले आणि दुसरीत ४ हून कमी. दुसऱ्या वस्तीतील रस्ते दुकानांनी आणि माणसांनी गजबजलेले होते. वृद्ध लोक उकाड्यातही बाहेर पडत, दुकानाच्या गारव्यात थांबत, आणि एखादा दिसला नाही तर त्याची चौकशी करणारे कुणीतरी असे. पहिल्या वस्तीत उद्योग गेलेले, भूखंड ओस पडलेले, रस्ते असुरक्षित. तिथले वृद्ध दारे-खिडक्या लावून आत बसले आणि आतच गेले. राहण्याच्या जागेविषयी मी जे काही वाचले आहे, त्यांत या तुलनेइतका परिणाम माझ्यावर कशाचाच झालेला नाही. शांत जागा हवी असे म्हणताना आपण नेमकी कोणती शांतता मागत आहोत, हा प्रश्न त्यामुळे मला फार गंभीर वाटतो. वाहनांच्या आवाजापासूनची शांतता हितकर आहे. माणसांच्या ये-जा करण्यापासूनची शांतता ऐंशीव्या वर्षी धोक्याची ठरू शकते.

खास निवृत्तांसाठी बांधलेल्या वसाहतींबद्दल मला याच कारणाने थोडी शंका वाटते. १ जानेवारी १९६० रोजी ॲरिझोनाच्या वाळवंटात डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने सन सिटी खुली केली, तेव्हा निवृत्तीनंतरचे आयुष्य सक्रिय आणि आनंदाचे असू शकते हा विचार तिने लोकांपर्यंत पोहोचवला, आणि ते श्रेय तिला द्यायलाच हवे. अशा ठिकाणी समवयस्क भेटतात, कार्यक्रम असतात, पायऱ्या कमी असतात. परंतु सगळे शेजारी एकाच वेळी म्हातारे होत असतील, तर दहा-पंधरा वर्षांनी जड पिशवी उचलून देणारा किंवा बिघडलेला फोन पाहून देणारा शेजारी उरत नाही, आणि ती प्रत्येक मदत विकत घ्यावी लागते. व्यवस्थापन चांगले असेल तर हे निभते. म्हणून तिथे बाग आणि सभागृह पाहण्यापेक्षा वसाहत जुनी झाल्यावर सेवाशुल्क किती वाढले आणि अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशांचे पुढे काय होते, हे विचारावे.

पैशाच्या आणि कायद्याच्या बाजूविषयी थोडक्यात एवढेच, की सवलतींवर घर बांधू नये. पोर्तुगालने २००९ मध्ये नव्या रहिवाशांसाठी आणलेल्या करयोजनेत परदेशातून येणारे निवृत्तिवेतन करमुक्त राहू शकत होते. २०२० मध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी त्यावर १० टक्के कर आला आणि २०२४ पासून ती योजनाच नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांसाठी दरवर्षी वाढत नाही, आणि अमेरिकेची मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना देशाबाहेरचा उपचारखर्च सर्वसाधारणपणे देत नाही. देश बदलणाऱ्याने निवासाचा हक्क, आरोग्यविमा, चलनाच्या दरातील चढउतार आणि मृत्युपत्राची वैधता या चार गोष्टी आधी तज्ज्ञाकडून समजून घ्याव्यात. हवेचेही तसेच: डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या हवेवर भिस्त न ठेवता वर्षभराचे आकडे पाहावेत. अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये म्हटले आहे. जगातली फारच थोडी ठिकाणे ही मर्यादा पाळतात, पण दोन जागांची तुलना करण्यासाठी हा मापदंड चांगला आहे. ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार आहे, त्यांनी उंचावरच्या गावाचा मोह डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

मुलांजवळ राहावे का, हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. माझे मत असे, की मुले आज जिथे आहेत त्या गावाच्या मागे जाणे जोखमीचे असते, कारण त्यांची नोकरी बदलते आणि आपण मात्र अनोळखी गावात मागे राहतो. मुले जिथून अर्ध्या दिवसात पोहोचू शकतील आणि जिथे त्यांच्याखेरीजही आपले स्वतःचे वर्तुळ असेल, अशी जागा मला अधिक योग्य वाटते. आणि या हिशेबात सध्याचे घर पुष्कळदा वरचढ ठरते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. बॉस्टनच्या बीकन हिल भागातील काही रहिवाशांनी घर न सोडता म्हातारपण काढता यावे म्हणून एकत्र येऊन सभासदत्वाची संस्था उभी केली आणि २००२ पासून वाहतूक, दुरुस्त्या, सोबत अशा सेवा एकमेकांना मिळवून द्यायला सुरुवात केली. तिच्या धर्तीवर पुढे इतरत्रही संस्था निघाल्या. जागा बदलण्याऐवजी जागेभोवतीची व्यवस्था बदलणे हाही निवडीचाच एक प्रकार आहे, आणि ज्याच्या ओळखी गावात खोल रुजल्या आहेत त्याने आधी याचाच विचार करावा.

तरीही जायचेच ठरले, तर पारख कशी करावी? प्राचीन रोमचा वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस सांगतो, की पूर्वीचे लोक नवे नगर वसवण्याआधी त्या भूमीवर चरणाऱ्या जनावरांचे यकृत तपासत. ते निरोगी असेल तरच तिथले पाणी व चारा माणसांना मानवेल असे धरत. पद्धत जुनी असली, तरी जागेची परीक्षा आधीपासून तिथे जगणाऱ्यांवरून करावी, हे तिच्यातले तत्त्व मला आजही पटते. एखाद्या गावात सकाळी आणि संध्याकाळी ऐंशी वर्षांची माणसे रस्त्यावर दिसतात का, ती एकटी असतात की बोलत असतात, काठी घेऊन चालणारा माणूस कुठपर्यंत जाऊ शकतो, हे पाहण्यात घालवलेला आठवडा दलालाच्या माहितीपुस्तिकेपेक्षा अधिक सांगतो. राहून पाहायचे ते सर्वांत वाईट ऋतूत, भाड्याच्या घरात, पाहुण्यासारखे न वागता: वीज जाते तेव्हा काय होते, नळदुरुस्तीला माणूस किती दिवसांनी येतो, पर्यटक निघून गेल्यावर कोणती दुकाने उघडी राहतात, हे त्यातच कळते. त्या काळात जुने घर विकू नये. भाड्यापोटी गेलेला पैसा वाया गेला असे वाटले, तरी परतीची वाट खुली राहते आणि तिची किंमत त्याहून मोठी असते. ज्यांना जुने घर विकल्याशिवाय नवे घेणे शक्यच नाही, त्यांनी तर भाड्याने राहून पाहण्याचा काळ अधिक लांबवावा.

शेवटचा निर्णय घेण्याआधी जोडप्याने एक प्रश्न वेगवेगळे बसून सोडवावा, असे मी आवर्जून सुचवतो: आपल्यापैकी मी एकटाच किंवा एकटीच उरलो, तर याच घरात राहीन का, आणि राहिलो तर आठवड्यातून कोण कोण भेटेल? उत्तरे कागदावर नावांसह लिहावीत. दोघांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत, कारण जागेची ओढ एकाची असते आणि दुसरा त्याच्या आनंदासाठी तयार झालेला असतो. अशा वेळी ज्याच्या कागदावर कमी नावे आहेत, जो गाडी चालवत नाही किंवा ज्याला तिथली भाषा कमी येते, त्याचे उत्तर निर्णायक मानावे आणि त्याला मानवेल अशीच जागा पुढे पाहावी.